सत्तावीस दुरुस्त्या

बंद पुस्तकाच्या ज्या बाजूनं पानं उलटतात त्या कडेवर एक करडा पट्टा होता. पुस्तक दोनशे चौसष्ट पानांचं, जाडी सोळा मिलिमीटर. पट्टा जेमतेम एक मिलिमीटर रुंद, मध्यापासून मागच्या पुठ्ठ्याकडे सरकलेला. बाकीची कड पिवळट होती. बोटांचं तेल, घाम आणि हवेतली धूळ मिळून असा रंग येतो, आणि तो एका वाचनात येत नाही. एका मिलिमीटरमध्ये या जातीचे आठ कागद मावतात, म्हणजे सोळा पानं. आत कुठल्याशा परदेशी शाळेच्या ग्रंथालयाचा शिक्का होता आणि त्यावर आडवा दुसरा, पुस्तक बाद केल्याचा. दर्यागंजच्या रविवारच्या बाजारातून पूर्वीनं ते उचललं होतं. म्हणजे हा पट्टा तिच्या एकटीचा नव्हता. तिच्याआधी, समुद्रापलीकडे, कितीतरी मुली त्याच सोळा पानांपाशी परत परत गेल्या होत्या. तिथे काय असणार ते मला न वाचताच कळलं असं मला वाटलं, आणि मी पुस्तक पालथं ठेवलं.

पूर्वी ही आमच्या वरच्या मजल्यावरच्या कल्पनाची मुलगी, अकरावीत शिकणारी. गुरुवारी संध्याकाळी ती तिच्या लेखाची स्वच्छ प्रत द्यायला आली. मी कुकर लावत होते, हात ओले होते, म्हणून तिनं कागद फ्रिजवर ठेवले आणि त्यांच्यावर हे पुस्तक. "मावशी, हे पण. टाइम मिळाला तर वाचा." मी म्हटलं, गोष्टीची पुस्तकं मी केव्हाच सोडली गं. ती चपला घालत होती. मान वर न करता म्हणाली, "रॉबिनसाठी वाचा." आणि गेली. तिसरी शिट्टी होईपर्यंत मी पुस्तकाला हात लावला नाही. मग हात पुसून मागचा पुठ्ठा पाहिला. तिथे आठ ओळींत गोष्ट सांगितली होती, आणि तिसऱ्या ओळीत रॉबिनसाठी जे सर्वनाम होतं ते इंग्रजीतलं स्त्रीलिंगी सर्वनाम होतं. त्यानंतर गॅस मी कधी बंद केला ते आठवत नाही. भात खाली लागला होता.

दिल्लीला लागून असलेल्या वैशालीच्या या सोसायट्यांमध्ये आम्ही आलो तेव्हा समोर मोहरीची शेतं होती. गेल्या बारा वर्षांत तिथे टॉवर उभे राहिले, पुण्या-मुंबईहून माणसं आली, नोएडाच्या कंपन्यांच्या गाड्या सकाळी गेटपाशी रांगेनं थांबू लागल्या. आता मेट्रोचे खांब आमच्या गच्चीतून दिसतात. गाडी अजून यायची आहे. मराठी घरं साठ-सत्तर झाली तसं आमचं एक छोटं मंडळ झालं आणि माझा नवरा दिलीप त्याचा सेक्रेटरी झाला. संक्रांतीच्या कार्यक्रमाला मंडळ एक स्मरणिका काढतं. तिच्यात मुलांसाठी चार पानं असतात. यंदाचा विषय होता 'मला आवडलेलं पुस्तक'. मुलांचं मराठी दुरुस्त करण्याचं काम सहा वर्षं माझ्याकडे आहे, कारण तेवढा पेशन्स दुसऱ्या कुणाकडे नाही असं सगळ्यांनी मिळून ठरवलं आहे. प्रयोगशाळेत मी तापमापक तपासते. एक अंश म्हणून जे लिहिलं आहे ते खरंच एक अंश आहे का, हे पाहणं माझा व्यवसाय. तेव्हा हेही माझ्याकडे आलं.

दिल्लीत वाढलेल्या मुलांच्या चुका मला पाठ आहेत. नपुंसकलिंग ती हरवूनच बसतात, कारण हिंदीत ते नाही. घर 'मोठा' होतो, पाणी 'थंडा' होतो. आवाज 'येते', चहा 'थंड होते'. पूर्वीच्या दोन पानांत हे सगळं होतं. एक वाक्य असं होतं: 'रॉबिन वळली आणि वाचता वाचता माझी श्वास थांबली.' साँस थांबते, म्हणून श्वासही थांबली. मी लाल पेनानं 'माझा श्वास थांबला' केलं. आणि त्याच ओळीत, त्याच पेनानं, 'वळली'चं 'वळला' केलं. रॉबिन हे नाव मी मुलाचं धरलं. नायिका मुलगी आहे, तिला रॉबिन आवडतो, सोळा वर्षांच्या मुलींची पुस्तकं असतात तसं पुस्तक. 'ती हसली'चं 'तो हसला'. 'तिचे हात'चं 'त्याचे हात'. त्या गुरुवारच्या आधी, मंगळवारी, कागद परत दिले तेव्हा पूर्वीनं ते उभ्या उभ्या पाहिले. पहिलं पान, मग दुसरं. मी तिला श्वास या शब्दाचं लिंग समजावून सांगितलं. ती म्हणाली, ठीक आहे मावशी, मी फेअर करून देते.

स्वच्छ प्रतीखाली तिनं ते लाल खुणांचे कागदही परत ठेवले होते. आता मी ते काढले आणि खुणा मोजल्या. रॉबिनच्या बाबतीत सत्तावीस दुरुस्त्या होत्या. मोजून झाल्यावर पुन्हा मोजल्या, सत्तावीसच. खऱ्या चुका विखुरलेल्या असतात. याच लेखात पुस्तक हा शब्द एकदा 'चांगला' होता, एकदा 'चांगली' आणि एकदा, योगायोगानं, 'चांगलं'. चहा पहिल्या पानावर थंड झाली होती आणि दुसऱ्यावर झाला होता. ज्याला माहीत नसतं त्याचा हात असा इकडेतिकडे पडतो. पण रॉबिन सत्तावीस ठिकाणी सत्तावीस वेळा ती होती. जो काटा दर वेळी एकाच जागी येऊन थांबतो तो काहीतरी दाखवत असतो, हे मी नव्या मुलांना प्रयोगशाळेत पहिल्या आठवड्यात शिकवते. ते मला दिसलं नाही? की दिसलं, आणि म्हणूनच पेन इतकं सरळ चाललं? लाल अक्षरं सुबक होती. एकही खाडाखोड नव्हती. माझं असं न अडखळता आलेलं अक्षर मी आधीही कुठेतरी पाहिलेलं होतं.

शुक्रवारी मी पुस्तकाला खाकी कव्हर घातलं, शाळेच्या पुस्तकांना घालतात तसं, आणि चार्टर्ड बसमध्ये वाचायला घेतलं. धुकं होतं, बस सरकत नव्हती. शेजारच्या मिसेस भाटियांनी विचारलं, "डिपार्टमेंटल एग्ज़ाम है क्या?" मी हो म्हटलं. पुस्तक मला पहिल्या तीस पानांत आवडलं नाही. लहान लहान प्रकरणं, प्रत्येकाच्या शेवटी एक ओळ, टाळी घेतल्यासारखी. त्यातल्या मुली मनात जे येईल ते पूर्ण वाक्यात बोलतात. आपल्याला काय होतं आहे हे त्यांना दुसऱ्या दिवशीच कळतं आणि त्यासाठी तिथे शब्द तयार असतात, दुकानातल्या बरण्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांसारखे. मला हे खोटं वाटलं. अशी गोष्ट कळायला मला अडीच वर्षं लागली होती आणि कळली तेव्हा तिला नाव नव्हतं. पोटात, फासळ्यांच्या खाली, डावीकडे, एक जागा होती फक्त. लेखिकेला हे माहीत नसेल का, की मुलांसाठी लिहिताना ती ते गाळते? औषधाच्या गोळीला साखरेचा थर देतात तसं? आणि तरी अक्षरधामच्या फ्लायओव्हरवर बस वीस मिनिटं उभी राहिली तेव्हा मी चिडले नाही, आणखी उभी राहावी असं वाटत होतं. एकोणपन्नासाव्या वर्षी, खाकी कव्हरखाली, शाळकरी मुलींची गोष्ट. पान उलटताना मी अंगठा कडेला लागू देत नव्हते. माझा डाग तिथे पडू नये असं मला वाटत होतं.

चुंबन एकशे चाळिसाव्या पानावर होतं. त्या पानाची कड पिवळट होती, इतर पानांसारखीच. मी पुस्तक मिटून पट्टा पुन्हा पाहिला, तो तिथून बराच पुढे होता. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी प्रयोगशाळेच्या मागच्या उन्हात खुर्ची घेऊन बसले आणि तिथवर वाचत गेले. त्या सोळा पानांत एक स्वयंपाकघर होतं. नायिकेची आई ओट्याशी उभी आहे, काहीतरी तळते आहे. मुलगी सांगते. आई गॅस बारीक करते, हात पुसते आणि म्हणते, मला माहीत होतं, तू सांगायची वाट बघत होते. मग दोघी खाली फरशीवरच बसतात आणि तळलेलं खातात. एवढंच. त्या मुली या जागेपाशी परत आल्या होत्या, आईपाशी. मला एकदम राग आला, इतका की खुर्ची मागे सरकली. कुठल्या आईला माहीत असतं? असलंच तर कुठली आई असं सांगते? लेखिकेनं हे लिहून किती मुलींना स्वयंपाकघरात पाठवलं असेल, आणि त्यांतल्या किती जणी परत आल्या असतील, याची मोजदाद कुणी केली आहे का? आम्ही ज्या तापमापकाची तपासणी झालेली नाही त्यावर शिक्का मारत नाही. मग माझ्या लक्षात आलं की मी कल्पनाच्या स्वयंपाकघराचा विचार करते आहे. कल्पना मायाळू आहे, भाजणी करते तेव्हा मला डबा पाठवते, कुणी आजारी पडलं तर रात्रभर जागते. दीड वर्षापूर्वी असे संबंध गुन्हा नाहीत असा हायकोर्टाचा निकाल आला त्या दिवशी ती आमच्याकडे चहाला आली होती. पेपर पुढे ढकलत म्हणाली होती, "असू दे बाई ज्यांचं त्यांचं. आपल्या घरात नाही ना, बस." तेव्हा पूर्वी सोफ्यावर बसून बिस्कीट खात होती. चौदा-पंधरा वर्षांची. मीही हसले होते. मी हसले होते हे मला उन्हात बसून, नेमकं, आवाजासकट आठवलं.

आणि ते सुबक अक्षर कुठे पाहिलं होतं तेही. पुण्याला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या हस्तलिखित अंकासाठी मी एक गोष्ट लिहिली होती. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरी क्रांती, नागपूरची. तिचे वडील पोस्टात होते, घरात पुस्तकं खूप, ती रात्री झोपताना मोठ्यानं वाचायची आणि मी ऐकत पडायची. गोष्टीत कुणीतरी असं होतं की जे पहाटे प्रयोगशाळेत मीटर ब्रिजवर वाकून तार ताणून धरतं, आणि केस पुढे येतात, आणि निवेदिकेला रीडिंग घेता येत नाही. कच्च्या खर्ड्यात ती होती. स्वच्छ प्रत काढताना मी 'तो' केला. केस तेवढे आखूड केले. कुणी सांगितलं नव्हतं. क्रांतीनं अंक पलंगावर बसून वाचला, मिटला, आणि म्हणाली, "व्याकरण बरोबर आहे तुझं." तेवढंच. मग उठून तिनं माझ्या वेणीचा सुटलेला शेवट बांधून दिला, हळू, जणू तार ताणते आहे. आई एकदा वसतिगृहावर आली तेव्हा तिनं क्रांतीचं आडनाव विचारलं, आणि ते ऐकल्यावर तिच्याबद्दल पुढे काहीच विचारलं नाही. मला तेव्हा आईचा संताप आला होता. पण खरं सांगायचं तर त्या संतापाची मला सोयही झाली. पुढे दिलीपचं स्थळ आलं आणि मी हो म्हटलं तेव्हा क्रांतीला मी घरच्यांचं कारण देऊ शकले. जातीचं कारण खरं होतं, म्हणूनच त्याच्यामागे लपता आलं.

लग्नानंतर आठ वर्षांनी, त्र्याण्णवच्या मार्चमध्ये, ती सरकारी प्रशिक्षणासाठी दिल्लीला आली आणि महाराष्ट्र सरकारच्या गेस्ट हाउसमध्ये उतरली. मी ऑफिसातून परस्पर गेले. खालच्या कँटीनमध्ये आम्ही थाळी घेतली. तिनं भाकरीचा तुकडा मोडून माझ्या ताटात ठेवला, जसा मेसमध्ये ठेवायची. म्हणाली, आमच्या खात्यात दिल्लीला एक जागा निघते आहे, मी मागू का? मी पाण्याच्या ग्लासाकडे बघत होते. पाणी कडांशी किंचित वर चढलेलं असतं. रीडिंग खालच्या वक्रावर घ्यायचं असतं, डोळा त्याच पातळीला आणून. मी म्हटलं, "बघू. कळवते." आजतागायत कळवलेलं नाही. ती जागा भरली गेली, क्रांती नागपूरलाच राहिली, एकटी. दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तिचं पत्र येतं, त्यात पाऊसपाणी, तिच्या ऑफिसातले किस्से, आणि कुठलाच प्रश्न नसतो. दिलीप ते टेबलावर माझ्या ताटाशेजारी ठेवतो. म्हणतो, "तुझ्या मैत्रिणीचं पत्र." बोलाव ना तिला एकदा, असंही म्हणतो. तो मनानं चांगला आहे, आणि मैत्रीण हा शब्दही किती चांगला आहे. त्यात सगळं मावतं. दर वर्षी पत्र हातात घेताना मी ठरवते की या वेळी दिलीपला सांगायचं. मग कुकरची शिट्टी होते, किंवा वीज जाते, किंवा नुसताच तो पुढचा घास घेतो. अठरा पत्रं झाली.

शनिवारी दुपारी मी पूर्वीला बोलावलं. तिची आई ब्यूटीपार्लरला गेली होती, दिलीप झोपला होता. पुस्तक टेबलावर होतं, खाकी कव्हरात. ते बघून ती हसली. "हे काय मावशी, लपवलं?" मी म्हटलं, सवय आहे. मग मी म्हटलं की रॉबिनच्या बाबतीत माझी चूक झाली, मी ते सगळं परत बदलते, तुझी हरकत नसेल तर. ती नखानं कव्हरची घडी मोडत राहिली. तिच्या बोटांवर शाईचा डाग होता, निळा, आणि मला वाटलं हिला लगेच घरी पाठवावं, काही बोलूच नये. ती म्हणाली, हे माझ्याबद्दल नाहीये, बुक रिव्ह्यू आहे. मी म्हटलं, हो, बिल्कुल. "आणि तुम्ही ते तसंच ठेवलं असतं ना, तर कुणाला कळलं पण नसतं," ती म्हणाली. "सगळ्यांना माहीत आहे माझं मराठी खराब आहे. आईला वाटलं असतं मिस्टेक आहे. अंकलना पण. मला, आणि वाचणारी कुणी तशी असती तर तिला, आम्हांलाच कळलं असतं."

या मुलीनं एवढा विचार केला होता. इंग्रजीत लिहिलं असतं तर पकडली गेली असती. हिंदीत लिहिलं असतं तर चूक कुणी मानली नसती. फक्त मराठीत, आमच्या दिल्लीच्या मुलांच्या मोडक्या मराठीत, तिला खरं ते उघड्यावर लिहिता येत होतं, चुकीच्या आडोशानं. आणि तो आडोसा मी लाल पेनानं काढून घेतला होता, वर श्वासाचं लिंग शिकवून. मी तिला विचारलं, ते स्वयंपाकघरातलं प्रकरण तुला खरं वाटतं का? ती म्हणाली, "नाही, यार." मग स्वतःच जीभ चावून, "सॉरी मावशी. नाही वाटत. अशी आई कुठे असते. पण असं लिहिलेलं आहे ना कुठेतरी." आमच्या प्रयोगशाळेत काही वजनं, बाकीची ज्यांच्यावरून ताडून बघायची अशी, काचेच्या घंटेखाली, कुलपात ठेवलेली असतात. त्यांनी कुणी भाजी तोलत नाही. वर्षातून एकदाच त्यांना हात लावतात, तोही चिमट्यानं. मी पूर्वीला हे सांगणार होते, पण तिला काहीतरी शिकवल्यासारखं वाटलं असतं, म्हणून सांगितलं नाही. पुस्तकाबद्दलचा माझा राग गेला नव्हता. ते प्रकरण अजूनही गोडच वाटत होतं, आणि कालपासून ती सोळा पानं मी चार वेळा वाचली होती. पूर्वी उठली तेव्हा दाराशी थांबून म्हणाली, "जसं होतं तसंच छापा. श्वास पण." श्वासाचं मात्र मी ऐकणार नव्हते, आणि मग वाटलं, का नाही? दिलीपच्या कॉम्प्युटरवर मी सत्तावीस ठिकाणी 'तो'चा 'ती' केला. अठ्ठाविसावा बदल श्वासाचा. 'माझी श्वास थांबली.' ते वाक्य स्क्रीनवर चुकीचं आणि जिवंत दिसत होतं.

रविवारी अकराच्या सुमाराला धुकं उठलं आणि जेवणाच्या टेबलावर ऊन आलं. प्रुफं सोमवारी शाहदऱ्याच्या छापखान्यात जायची होती. दिलीप चष्मा कपाळावर चढवून पानं लावत होता. कल्पना तिळाच्या वड्यांचा नमुना घेऊन आली होती, चव बघायला, आणि तिच्यामागून पूर्वी, फोटोंची नावं तपासायला. दिलीप वडी चावत म्हणाला, अहो कल्पना, दात कुणाचा पडला तर मंडळाकडे फंड नाही. कल्पना म्हणाली, दिलीपदादा, तुमचे तसेही किती उरलेत. मी चहा गाळत होते आणि किती पानं झाली ते मोजत होते. मुलांचा विभाग बाराव्या पानापासून होता. दहावं पान उलटलं. अकरावं उलटलं. गाळणीतून चहा कपाबाहेर गेला.

पूर्वीचा लेख कल्पनानंच मोठ्यानं वाचायला घेतला, कौतुकानं. दुसऱ्या परिच्छेदात ती थांबली आणि हसू लागली. "अगं सुनीती, हे कसं सुटलं तुझ्या नजरेतून? 'माझी श्वास'. आणि हे बघा, रॉबिन वळली. रॉबिन हसली. हे भगवान, या पोरीला मुलगा-मुलगी कळतच नाही मराठीत." दिलीपही हसला. त्यानं चष्मा खाली घेतला आणि लाल पेन उचललं. म्हणाला, सुनीतीच्या हातून चुका सुटायला लागल्या, म्हातारी झाली. पेनाचं टोपण त्यानं दातानं काढलं. मी म्हणू शकत होते की राहू दे, मुलांचं मराठी जसं आहे तसं छापू, गंमत वाटते. तेच पूर्वीला हवं होतं, तेच आमचं ठरलं होतं. वाक्य तयार होतं. मी पूर्वीकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, दिलीपच्या हातातल्या पेनाकडे बघत होती. टोक कागदावर टेकलं, 'वळली'च्या वरच.

"मिस्टेक नाहीये," पूर्वी म्हणाली. फार हळू, फोटोंच्या ढिगाकडे बघत. "मुलगी आहे रॉबिन."

पेन तिथेच थांबलं. कल्पनाचं हसू अजून पुरतं गेलं नव्हतं. तिनं मुलीकडे पाहिलं, मग कागदाकडे, मग पुन्हा मुलीकडे, आणि त्या क्षणभरात तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी सरकत गेलेलं मी पाहिलं. तिला माहीत होतं की नव्हतं ते मला सांगता येणार नाही. डोळा त्या पातळीला नव्हता माझा. मग ती म्हणाली, "अच्छा. मैत्रिणी आहेत होय दोघी," आणि सुटका झाल्यासारखी तिनं वड्यांचा डबा पुढे केला. दिलीप म्हणाला, मग ठीक आहे, मैत्रिणीच तर आहेत, आणि पान उलटायला बोटाला थुंकी लावली. ऊन टेबलाच्या मधोमध आलं होतं. सगळं बरोबर बसलं होतं. लेख छापला जाणार होता, सत्तावीसही शब्द जागेवर राहणार होते, आणि त्यांच्यावरून तो एक मऊ, चांगला शब्द पांघरला गेला होता. पूर्वीनं आता मान वर केली. ती माझ्याकडे बघत होती. काही मागत नव्हती. नुसती बघत होती, जसं कुणी पुस्तकातलं पान बघतं, पुढे काय लिहिलं आहे ते. माझ्या फासळ्यांच्या खाली, डावीकडे, ती जागा होती. ती इतकी वर्षं तिथेच होती. कुकर लावलेला नव्हता. वीज होती. दिलीपच्या हातात घास नव्हता. मी गाळणी खाली ठेवली आणि हात पुसले.

"मैत्रिणी नाहीत त्या, कल्पना," मी म्हणाले. आवाज माझा होता, थोडा कोरडा. कल्पनानं डबा तसाच धरून ठेवला. मी दिलीपकडे वळले. त्याचं ओलं बोट पानाच्या कडेवर होतं.

"दिलीप, क्रांतीही माझी मैत्रीण नव्हती."